पायाला लागला म्हणजे किक झाली का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलीच्या शाळेचा १७ वर्षांखालचा बास्केटबॉलचा सामना, शेवटचं क्वार्टर. तुमच्या संघाचा बाउन्स पास (जमिनीवर आपटून दिलेला) समोरच्या डिफेंडरच्या नडगीवर आपटला, चेंडू त्यांच्याच हाती गेला आणि त्यांनी पळत जाऊन बास्केट केली. शिट्टी नाही. थोड्या वेळाने तुमच्या मुलीच्या पायाला चेंडू लागून साइडलाइनबाहेर गेला, तर लगेच शिट्टी. रेफरीने बोट पायाकडे दाखवलं, चेंडू समोरच्यांना दिला आणि त्यांचा शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायला उरलेले सेकंद मोजणारं घड्याळ, ६ वरून १४ वर नेला. तुम्ही विचारता, पाय तो पाय, मग एकीला माफी आणि दुसरीला शिक्षा का? शिवाय हा फाउल मुलीच्या नावावर चढला का?

सामना मी पाहिलेला नाही, तेव्हा त्या रेफरीची बाजूही घेत नाही आणि त्याला चुकीचाही ठरवत नाही. पण मुंबईत शाळा-कॉलेजांच्या आणि क्लबांच्या सामन्यांत मी बरीच वर्षं शिट्टी वाजवत आले आहे. त्यावरून एवढं सांगते, की तुम्ही लिहिलेले दोन्ही निर्णय एकाच नियमाखाली बरोबर असू शकतात. चेंडू पायाला लागला का, एवढ्यावर या नियमात काहीच ठरत नाही. पाय चेंडूकडे गेला का, ते बघायचं असतं.

आपल्याकडच्या स्पर्धा फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी खेळल्या जातात. त्यातलं १३वं कलम चेंडू कसा खेळायचा ते सांगतं. चेंडू हातांनीच खेळायचा. तो घेऊन पळायचं नाही, त्याला मुद्दाम लाथ मारायची नाही, पायाच्या कुठल्याही भागाने तो मुद्दाम अडवायचा नाही आणि मुठीने ठोसायचा नाही. लगेच पुढे म्हटलंय की चेंडूचा आणि पायाचा अपघाताने स्पर्श झाला तर तो नियमभंग नाही. बाकावरून ‘सर, फूट! सर, फूट!’ ओरडणाऱ्यांनी कलमाचा पहिला भाग पाठ केलेला असतो, दुसऱ्यापर्यंत कोणी पोचलेलं नसतं.

क्रिकेट बघणाऱ्या घरात मी हे एलबीडब्ल्यूच्या उदाहरणाने सांगते. पॅडला लागला एवढ्यावर अंपायर बोट वर करत नाही, आणखी चार गोष्टी बघतो. इथेही तसंच.

एक गंमत जाता जाता. जेम्स नेस्मिथने १८९१ साली स्प्रिंगफील्डमध्ये हा खेळ सुरू केला तेव्हा चेंडू फुटबॉलचाच वापरला होता. त्याच्या मूळ १३ नियमांत मुठीने मारायला मनाई आहे, लाथेचा उल्लेखच नाही. चेंडू हातांनी टाकायचा, हातांनीच धरायचा असं लिहिलं की लाथेचं वेगळं सांगायला नको, असं त्याला वाटलं असावं.

आता मूळ मुद्द्याकडे. रेफरीला कोणाच्या मनात शिरता येत नाही. ‘मुद्दाम’ ठरवायचं ते पायाच्या हालचालीवरून, आणि त्यासाठी पास सुटण्याआधी तो पाय कुठे होता हे दिसलेलं असावं लागतं. म्हणून बॉल-हँडलरला कोणी चिकटून डिफेन्स करत असेल, तर माझी नजर चेंडूवर कमी आणि डिफेंडरवर जास्त असते. चेंडूवर डोळे लावून बसणाऱ्या प्रेक्षकाला चेंडू पायावर आपटल्यानंतरचा पाय दिसतो, त्याआधीचा दिसत नाही. गॅलरीतली तक्रार निम्म्या वेळा इथूनच सुरू होते.

तुमचा पहिला प्रसंग घ्या. डिफेंडर स्टान्समध्ये आहे, गुडघे वाकलेले, पाय खांद्यांपेक्षा रुंद. तुमच्या संघातल्या मुलीने तिच्या पायाजवळून पास टाकला आणि तो नडगीवर आदळला. पाय आधीपासून तिथेच होता, तर प्रश्नच नाही, खेळ चालू. पास चुकीच्या जागी टाकला, त्याची किंमत पास देणाऱ्याने मोजायची. चेंडू नंतर कोणाला मिळाला, त्यावर बास्केट झाली का, याचा शिट्टीशी संबंध नाही. पालकांना हेच सगळ्यात जास्त लागतं, ‘पण त्यांना फायदा झाला ना!’ झाला. रिबाउंड रिंगवरून कसाही उडून कोणाच्याही हातात पडतो, तसा तो फायदा.

अवघड होतं ते डिफेंडर हलत असताना. ती स्लाइड करतेय, म्हणजे पाय हलणारच, आणि हलत्या पायाला चेंडू लागला की सगळे हात वर करतात. इथे मी एकच बघते. पाय माणसामागे चाललाय की चेंडूमागे? ड्रिबलर उजवीकडे निघाला, डिफेंडरचा पाय त्याच्याबरोबर उजवीकडे सरकला आणि वाटेत चेंडू लागला, तर तो अपघात. पण ड्रिबलर उजवीकडे चाललाय, पास डावीकडे सुटलाय, आणि डिफेंडरचं अंग उजवीकडे असताना एकटा डावा पाय बाहेर फेकला गेला, तर त्या पायाला तिथे दुसरं काही काम नव्हतं. ती किक. खेळाडूचं वजन कुठल्या पायावर आहे हेही बरंच सांगतं. स्लाइड करणाऱ्याचं वजन दोन्ही पायांत वाटलेलं असतं, चेंडू अडवणारा एका पायावर उभा राहून दुसरा मोकळा करतो.

मग पोरं म्हणतात, ‘मॅडम, मुद्दाम नाही केलं, पाय आपोआप गेला.’ खोटं बोलत नसतात. पण कोणाच्या मनात खोट होती का, हे नियम विचारत नाही. चेंडू दिसला आणि तो थांबवायला पाय गेला, तर विचार करून गेला की सवयीने, मला फरक पडत नाही, मी शिट्टी वाजवते. याच्या उलट, चेंडू अंगावर आला म्हणून दचकून पाय मागे घेतला आणि मागे घेताना लागला, तर नाही वाजवत. या मधल्या पट्ट्यात दोन चांगले रेफरी दोन वेगळे निर्णय देऊ शकतात, हे मान्य करायला हवं. एकाच सामन्यात एकाच रेफरीने दोन्ही टोकांना सारखंच माप लावावं, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.

अडवण्यासाठी पाय उचलावाच लागतो असंही नाही. मोठ्या मुलांच्या सामन्यांत एक चलाखी दिसते. डी मध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या भागात, उभ्या असलेल्या उंच खेळाडूला बाउन्स पास येतोय हे ओळखून डिफेंडर दोन्ही गुडघे आत मिटतो. पावलं जागेवरच असतात, म्हणून सगळे म्हणतात पाय हललाच नाही. गुडघे हलले ना! मांडी, गुडघा, नडगी, पाऊल, सगळा पायच. ती किकच.

लूज बॉलवर तर मुंबईत हमखास होतं. आपल्याकडची बरीच मुलं एकाच मैदानावर संध्याकाळी फुटबॉल आणि सकाळी बास्केटबॉल खेळतात. चेंडू लाइनीकडे घरंगळत चाललाय, हात पोचणार नाही, की पाय आपसूक पुढे येतो आणि तळव्याखाली चेंडू दाबला जातो. अगदी सुरेख ट्रॅप असतो, टाळ्या पडतात, आणि मला शिट्टी वाजवावी लागते. चेंडू मैदानात ठेवायचा हेतू कितीही चांगला असला तरी पायाने खेळला तो खेळलाच. जमिनीवर पडलेल्या खेळाडूने दोन पायांत चेंडू आवळून धरला तरी तेच. फिबाच्या अधिकृत स्पष्टीकरणांत आणखी एक प्रकार येतो. ड्रिबल संपवून चेंडू दोन मांड्यांमध्ये ठेवायचा आणि रिकाम्या हातांनी पासचा किंवा शॉटचा आव आणायचा. समोरचा फसतो, पण तोही पायाने चेंडू खेळल्याचा नियमभंग आहे.

आता खेळाडूचं स्वतःचं ड्रिबल स्वतःच्या बुटावर आपटतं त्याबद्दल. हे आमच्या उघड्या सिमेंटच्या कोर्टांवर फार होतं. गुळगुळीत झालेला चेंडू, वर बारीक धूळ, कुठे तडा, त्यामुळे उसळी कधी गुडघ्यापर्यंत तर कधी घोट्यापर्यंत. नियमभंग नाही. चेंडू सुटला तर धावून पकडा. एक बारकावा मात्र आहे. ड्रिबल चालू असताना चेंडू पायाला लागून निसटला, तर परत मिळवून ड्रिबल पुढे नेता येतं. पण दोन हातांत धरून ड्रिबल आधीच संपवलं होतं आणि मग हातातून निसटून पायावर पडला, तर उचलता येतो, पुन्हा ड्रिबल करता येत नाही. केलं तर डबल ड्रिबल. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि खापर पायावर फोडतात.

कोपऱ्यात दोघांनी कोंडलेला हुशार गार्ड तर हाच नियम स्वतःसाठी वापरतो. चेंडू हलकेच डिफेंडरच्या नडगीवर टेकवतो आणि बाहेर जाऊ देतो. डिफेंडरचा पाय जागच्या जागी, म्हणजे किक नाही. शेवटचा स्पर्श डिफेंडरचा, म्हणून थ्रो-इन, म्हणजे चेंडू बाहेरून आत टाकायची संधी, गार्डच्या संघाला. पूर्णपणे कायदेशीर आहे, जोरात फेकून मारला नाही तोवर. नागपाड्यात लहानपणापासून भिंतीला लागून खेळलेली मुलं हे झोपेतसुद्धा करतील.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर असं. पाय आधीपासून तिथे, खेळ चालू. पाय माणसामागे जाताना लागला, खेळ चालू. पाय चेंडूसाठी गेला, उघडला, मिटला किंवा दाबला गेला, तर किक. किक आहे की नाही हे ठरवताना फायदा कोणाला झाला, हा प्रश्नच नाही.

आता तो ६ वरून १४ वर गेलेला शॉट क्लॉक. तुम्ही यावर एकच ओळ लिहिलीत, पण माझ्या मते दुसऱ्या प्रसंगातला खरा वाद हाच आहे. चेंडू तुमच्या मुलीच्या पायाला लागून बाहेर गेला. नुसता अपघात मानला असता तरी चेंडू समोरच्यांनाच मिळाला असता, कारण शेवटचा स्पर्श तिचा. मग किक देऊन फरक काय पडला? घड्याळात पडला. नुसता बाहेर गेला असता तर शॉट क्लॉक ६ वरूनच पुढे चालला असता आणि समोरच्यांना घाईत शॉट घ्यावा लागला असता. मुद्दाम किक म्हणजे बचाव करणाऱ्या संघाचा नियमभंग, आणि त्याचा हिशेब वेगळा. थ्रो-इन आक्रमक संघाच्या फ्रंटकोर्टमध्ये (ज्या अर्ध्यात ते बास्केट करतात तिथे) असेल आणि घड्याळात १३ किंवा कमी सेकंद असतील तर १४ करायचे. १४ किंवा जास्त असतील तर आहे तिथूनच. थ्रो-इन त्यांच्या बॅककोर्टमध्ये (स्वतःच्या अर्ध्यात) असेल तर पूर्ण २४. म्हणजे ६ चे १४ होणं किक दिल्यावर अगदी बरोबर. शिट्टीच्या निर्णयावर तुमचा आक्षेप असू शकतो, टेबलाने, म्हणजे स्कोअर आणि घड्याळ सांभाळणाऱ्यांनी, घड्याळ चुकवलेलं नाही.

खरं तर उलट चूक जास्त दिसते. रेफरीने किक दिली, पण टेबलावर बसलेल्या कॉलेजच्या मुलाला नुसता आउट वाटला आणि क्लॉक बदललाच नाही. म्हणून शिट्टीनंतर पायाकडे बोट दाखवणं ही औपचारिकता नाही, ती खूण टेबलासाठी आहे. मी तर खूण करून टेबलाकडे एकदा बघतेच. आपल्या कित्येक शालेय स्पर्धांत शॉट क्लॉकच नसतो. तिथे चेंडू बाहेर जाताना किक दिली काय आणि आउट दिला काय, निकाल जवळजवळ सारखाच लागतो. पालकांना हा फरक माहीत नसतो त्याचं एक कारण तेही असावं.

थ्रो-इनवर झालेली किक हा आणखी एक बारीक कोपरा. बाहेरून पास आला आणि डिफेंडरने तो पायाने अडवला, तर गेम क्लॉक सुरू व्हायला नको, कारण तो सुरू होण्यासाठी मैदानातल्या खेळाडूचा कायदेशीर स्पर्श लागतो. सामन्यात एक सेकंदाहून कमी उरलेला असताना टाइमकीपरने इथे घाई केली तर मोठा घोळ होतो. थ्रो-इन पझेशन ऍरोचा (चेंडू कोणाचा हे ठरत नाही तेव्हा पाळीपाळीने संघांना थ्रो-इन देणारा बाण) असेल, तर अशा किकने ऍरो उलटतही नाही. ज्यांचा होता त्यांचाच राहतो आणि थ्रो-इन पुन्हा त्यांनाच मिळतो.

फास्ट ब्रेकवरच्या किकबद्दल मला स्वतःला हा नियम जरा मवाळ वाटतो. तिघीजणी एकीवर धावत येताहेत, पास सुटला, एकट्या डिफेंडरने पाय ताणून अडवला. शिक्षा काय? फक्त थ्रो-इन. सोपी बास्केट गेली आणि डिफेन्स परत जागेवर आला. म्हणून अशा वेळी मी शिट्टी ओठांत ठेवून क्षणभर थांबते. चेंडू पायाला चाटून गेला तरी पुढच्या मुलीला मिळाला आणि ती रिंगकडे निघाली, तर मी शिट्टी वाजवत नाही. व्हायोलेशन, म्हणजे नियमभंग, देताना फायदा-तोट्याचा आणि तारतम्याचा विचार करा, असं फिबाची नियमावली रेफरींना सांगते. सगळे रेफरी असे थांबत नाहीत. लगेच शिट्टी वाजवणाऱ्यालाही चूक म्हणता येणार नाही.

तुम्ही घरी एनबीए बघत असाल, तर एक खुलासा. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज खेळून गेले, तेव्हापासून मुलांच्या तोंडी एनबीएचे नियम जास्त येतात. किकचं मूळ तत्त्व तिथेही हेतूचंच आहे. फरक थ्रो-इनच्या जागेचा. एनबीएत डिफेन्सच्या किकनंतर चेंडू साइडलाइनवरून येतो आणि तो फ्री-थ्रो लाइनच्या पातळीपेक्षा बेसलाइनच्या जवळ नेत नाहीत. फिबात जिथे नियमभंग झाला त्याच्या सगळ्यात जवळून, थेट बोर्डाच्या मागची जागा सोडून. म्हणजे आपल्याकडे रिंगखाली किक झाली तर थ्रो-इन बेसलाइनवरूनही येऊ शकतो. टीव्हीवर बघून कोणी ‘जागा चुकली’ म्हणत असेल, तर बहुतेक चुकलेली नसते.

पुढच्या वेळी काय करायचं? गॅलरीतून ओरडून काही हाती लागत नाही. चेंडू डेड आणि घड्याळ थांबलेलं असताना कॅप्टन सभ्यपणे रेफरीकडे माहिती मागू शकते, हे नियमातच आहे. प्रश्न ‘आमच्यावर अन्याय का?’ असा असला की उत्तर मिळत नाही. ‘सर, पाय हलला म्हणून दिलंत का?’ असं विचारलं की बहुतेक रेफरी मान हलवून सांगतात, आणि तेवढ्याने पुढच्या दहा मिनिटांचा डिफेन्स सुधारतो. प्रोटेस्टच्या भानगडीत पडू नका. घड्याळ किंवा गुण नोंदवण्यातली चूक न सुधारता राहिली तर प्रोटेस्टला जागा आहे, पाय मुद्दाम गेला की नाही या रेफरीच्या मताला नाही.

मुलीच्या कोचला मात्र एक सुचवा. ज्या मुलीला वारंवार किक मिळते, तिचे हात बहुधा वर असतात. बाउन्स पास खालून जातो, हात तिथे नसतात, म्हणून पाय मदतीला येतो. एक हात खाली, पासच्या वाटेत, तळवा समोर, असा स्टान्स घोटवून घेतला की पायाची सवय हळूहळू सुटते. नुसतं ‘पाय लावू नकोस’ सांगून ती सुटत नाही. पायाला काम उरलं नाही की सुटते.

आणि फाउलचं. नाही, चढला नाही. किक हा फाउल नाही, व्हायोलेशन आहे, स्टेप्स (चेंडू धरून जास्त पावलं टाकणं) किंवा डबल ड्रिबलसारखं. पाच फाउलांच्या हिशेबात ती येत नाही, संघाच्या फाउलांतही नाही आणि त्यावर फ्री-थ्रोही मिळत नाहीत. शिट्टी वाजल्यावर रागाने चेंडूला लाथ घातली तर गोष्ट वेगळी. तेव्हा चेंडू डेड असतो, म्हणून ती किक नव्हेच, पण टेक्निकल फाउल मिळू शकतो आणि तो स्कोअरशीटवर तिच्या नावासमोर लिहिला जातो.